दुसरा नंबर कोणाचा

२ जानेवारी १९८३

आज भय्याजींच्या ओसरीवर भांडून आलो. वाईट मुळीच वाटत नाही. उलट भूक लागली आणि दोनदा भात घेतला.

भय्याजी म्हणजे चिचटोल्याच्या पट समितीचे अध्यक्ष. चिचटोला माझं गाव नाही, माझ्या मोठ्या बहिणीचं सासर आहे. तिचं नाव धुरपता, मी तिला बाई म्हणतो. दिवाळीला आलो तो इथंच राहिलो. तिचा नवरा गोमाजी, म्हणजे माझे भाऊजी, मला कधी "केव्हा जाशीन" असं विचारत नाहीत. ते कोणालाच काही विचारत नाहीत.

भांडण शंकरपटावरून, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीवरून झालं. गेल्या साली भाऊजींची जोडी, मोऱ्या आणि चांद्या, पहिल्याच फेरीत तुमसरच्या केवळरामशेटच्या जोडीसमोर आली आणि एका मानेनं हरली. हरली ती बाद. त्याच केवळरामशेटच्या जोडीनं शेवटच्या फेरीत यादोरावच्या बैलांना दहा छकडे, म्हणजे दहा गाड्यांच्या लांबीनं, मागं टाकलं. तरी दुसरा नंबर यादोरावला, गुलाल यादोरावला, आणि भाऊजी दुपारीच घरी. मी तेव्हा चिखल्याला खाणीच्या टाइम ऑफिसात होतो, पण बाईनं ही गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की डोळ्यात धूळ गेल्यासारखं होतं.

मी ओसरीवर विचारलं, "भय्याजी, एका मानेनं हारला तो बाद, आन् दहा छकडे मांग राह्यला तो दुसरा. हे कसं काय?"

"चिठ्ठी निघते लेका. ज्याच्या नशिबात जो आला तो आला."

"मंग दुसरा नंबर नशिबालेच द्या न. यादोरावले कायले देता?"

यादोराव तिथंच बसले होते. अड्याळकडचे, अंगानं भरलेले, आवाज मोठा. ते म्हणाले, "हा कोण पोट्टा? गोमाजीचा साळा? कायचा धंदा करते हा?"

"सध्या काहीच नाही," मी म्हणालो.

भय्याजींनी विचारलं, "बारावी पास का नापास?"

"नापास. म्हणूनच तं माह्यत आहे, हारलेला बी चांगला असू शकते."

सगळे हसले. मी चिडलो नाही. पण ठरवलं की यंदा हा नंबर सोडायचा नाही. कारण मोऱ्याचं हे शेवटचं साल आहे. त्याचे दात झिजलेत, भाऊजी म्हणतात या पटानंतर तो फक्त नांगराला. यंदा नंबर नाही मिळाला तर कधीच नाही.

५ जानेवारी

दोन दिवस काही लिहिलं नाही. शेजारच्या ललिताबाईंचा रेडिओ खोलून बसलो होतो. आता तो आधीपेक्षा कमी बोलतो.

पण डोक्यात दुसरा नंबरच आहे. नागपूरला मी सात-आठ महिने एका कचेरीत होतो. तिथं खोलीएवढा संगणक होता आणि भोकं पाडलेली कार्डं त्याला चारायचं काम माझं. मे महिन्यातही खोली थंडगार असायची, म्हणून टिकलो. तिथले मधुकरराव संध्याकाळी थांबणाऱ्यांना शिकवायचे. ते म्हणायचे, यंत्र किती वेगाचं आहे ते बाजूला ठेवा, आधी पद्धत मोजा. एखाद्या पद्धतीत दोन वस्तू एकमेकींशी किती वेळा ताडून पाहाव्या लागतात? आणि वस्तू दुप्पट केल्या तर काम दुप्पट होतं, की चौपट, की हाताबाहेर जातं? एवढं कळलं तर यंत्र न लावताही पद्धतीची लायकी कळते.

एकदा त्यांनी विचारलं होतं: सोळा आकडे आहेत, पहिला आणि दुसरा काढायचा आहे, कमीत कमी किती तुलना?

आज तलावाच्या पाळीवर बसून ते आठवत होतो. आकड्यांच्या जागी जोड्या ठेवल्या. पटाला सोळाच जोड्या घेतात.

पहिला काढायला पंधरा दौडी लागणारच. कारण पहिल्याशिवाय प्रत्येक जोडीला एकदा तरी हरावं लागेल, आणि एका दौडीत एकच जोडी हरते. कोणी कितीही हुशारी करू दे, चौदात होणार नाही. हे मला मधुकररावांनी सांगितलं नव्हतं, माझं मला दिसलं. मी पाळीवर उभा राहून ओरडलो. म्हशी बघायला लागल्या.

आता दुसरा. खरा दुसरा फक्त पहिल्याकडूनच हरू शकतो. दुसऱ्या कोणाकडून हरला तर तो दुसरा कसला? मग सगळ्यांना पुन्हा कशाला धाववायचं? पहिल्या जोडीनं ज्यांना स्वतः हरवलं तेवढ्यांनाच धाववायचं. सोळात चार फेऱ्या, म्हणजे अशा जोड्या चार. चारांतून एक काढायला तीन दौडी. पंधरा आणि तीन, अठरा.

सगळ्यांना सगळ्यांशी भिडवलं असतं तर एकशे वीस. जोडी परत आणणं, उभी करणं धरून एका दौडीला पाव तास जातो. एकशे वीस दौडींना दोन दिवसही पुरणार नाहीत. अठरा दौडी दुपार ढळायच्या आत. उद्या बत्तीस जोड्या झाल्या तर ही सगळ्यांना भिडवायची रीत पाचशेच्या घरात जाते, आणि माझी? पस्तीस!

अठराहून कमीत होत नाही हे मधुकरराव सिद्ध करून दाखवणार होते. त्या संध्याकाळी मी सिनेमाला गेलो आणि नंतर नोकरीच सुटली. आता हात चोळतोय.

१० जानेवारी

अड्याळच्या बाजारात गेलो होतो बाईसाठी मिरच्या आणायला. मिरच्या आणल्या नाहीत. त्याचं झालं असं.

बेबीबाईच्या दुकानात कोहळे मांडलेले होते. भय्याजी आणि समितीचे दोघं तिथंच चहाच्या टपरीवर उभे. मला राहवलं नाही. आठ कोहळे एका रांगेत लावले आणि म्हणालो, "बेबीबाई, तराजू द्या. वजनं नको, नुसता तराजू."

"कायले?"

"सगळ्यात भारी कोणतं आन् त्याच्या खालचं कोणतं, ते काढतो."

"भाऊ, घ्यायचं असन तं घे. कोहळ्याची बारात कायले काढून राहिला?"

तरी तिनं दिला. दोन पारड्यांत दोन कोहळे, खाली बसलं ते जिंकलं. माणसं जमली. एकानं लगेच एका कोहळ्याला केवळराम नाव दिलं. एका वाकड्या, हिरवट कोहळ्याला यादोराव. हा यादोराव कोहळा हलक्या-हलक्यांना हरवत शेवटच्या फेरीत पोचला आणि केवळरामसमोर असा वर उडाला की लोक टाळ्या पिटायला लागले.

"आता बोला," मी भय्याजींना म्हणालो. "तुमच्या हिशेबानं हे वाकडं दुसरं. खरं आहे?"

मी केवळराम कोहळ्याकडून हरलेली तीन बाजूला काढली आणि त्यांना आपसात लावलं. दोन वेळा तराजू उचलला. पहिल्याच फेरीत बाद झालेलं एक गोल कोहळं दुसरं निघालं. कोणीतरी म्हणालं, "हे गोमाजी!"

खात्री करायला भय्याजींनी ते गोल कोहळं उरलेल्या सगळ्यांशी एकेकदा लावून पाहिलं. मी थांबवलं नाही. केवळराम सोडून सगळी वर गेली.

"मले विकू द्या आता," बेबीबाई म्हणाली. "आन् ते गोमाजी कोण घेऊन राह्यले?"

भय्याजींनीच घेतलं. घरी बाई मिरच्यांवरून रागावली, पण गोष्ट ऐकताना तिनं दोनदा "मंग?" विचारलं. भाऊजी बाजेवर बसून दोर वळत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "कोहळ्याले पाय नसतात."

भाऊजींचा विनोद मला क्वचितच कळतो.

१२ जानेवारी

जिंकलो! समितीनं मानलं. यंदा पंधरा दौडींनंतर पहिल्या जोडीनं हरवलेल्या चार जोड्या दुसऱ्या नंबरासाठी तीन दौडी धावणार.

भय्याजींनी दोन अटी घातल्या. एक, दिवेलागणीला दंडार सुरू व्हायचीच, गावोगावची माणसं नाटक पाहायला येतात, पट लांबता कामा नये. दुसरी, तंटा झाला तर कवडूनं, म्हणजे मी, मैदानावर सगळ्यांसमोर कान धरायचे.

"धरीन," मी म्हणालो. "पण तंटा नाही झाला तं तुम्ही धरजा."

"का बे!" म्हणत यादोराव उठले. मला वाटलं मारतात. पण ते हसत होते. "माह्या जोडीले कोणासमोर बी उभी करा. तीन काय, तीस करा. मांग हटलो तं नाव नाही सांगणार."

मला हा माणूस आवडायला लागला तर पंचाईत होईल.

१७ जानेवारी

सकाळी एक ट्रकवाला भेटला. रायपूरपर्यंत क्लीनर हवा होता. मी जवळजवळ चढलोच होतो. मग आठवलं की पाच दिवसांनी पट आहे. असा मी याआधी कधी थांबलो नव्हतो.

आज भाऊजींबरोबर सरावाला गेलो. तलावाच्या कडेला दोन चाकोऱ्या आखल्या आहेत, पटाच्याच लांबीच्या. भाऊजी छकड्यावर उभे राहिले की वेगळेच दिसतात. घरी त्यांना पाणी दे म्हणायला संकोच वाटतो, तिथं ते बैलांशी अखंड बोलतात. "हो रे बापा, हो रे राजा, आता सांग, आता सांग" असं काहीतरी. जोडी सुटली की मला रडू आल्यासारखं होतं, कारण कळत नाही.

एक दौड झाली. मी म्हणालो, "आणखी एक घ्या. कालच्यापेक्षा जोरात गेले का ते पाहू."

भाऊजींनी जू उतरवलं. मोऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला, चांद्याला हिंडवलं, तंबाखू मळली, खाल्ली, थुंकली. मी कंटाळून मातीत आकडे मांडायला लागलो.

"आता का नाही, भाऊजी?"

"आत्ता विचारलं तं तो खोटं सांगन."

"कोण?"

"मोऱ्या."

मी हसलो. सोळाऐवजी वीस जोड्या आल्या तर फेऱ्या कशा पाडायच्या, तो हिशेब माझ्या डोक्यात चालू होता. तो फार मजेदार आहे. कोणाला तरी पहिल्या फेरीत न धावता पुढं पाठवावं लागतं. त्यात अंधार पडला.

२२ जानेवारी

अक्षर वाकडं येतंय. पण आजच लिहिणार.

सकाळपासून माणूस मावत नव्हता. आलूबोंड्याच्या गाड्या, फुगे, बायांची वेगळी बाजू. चिठ्ठ्या निघाल्या. भाऊजींची जोडी दुसऱ्या फेरीत केवळरामशेटच्या जोडीवर आली. पहिली फेरी भाऊजींनी सहज काढली. दुसरीत, मी शपथेवर सांगतो, अर्ध्या वाटेपर्यंत मोऱ्या पुढं होता. मग केवळरामशेटचे ते पांढरे उंच बैल आले. हरलो. एका मानेनं, गेल्या सालासारखंच!

मागच्या वेळी इथंच संपलं होतं. यंदा मी मंडपात उभा राहून ओरडलो, "गोमाजी बाद नाही!" लोकांनीही ओरडून साथ दिली. बाई दुसऱ्या बाजूनं पदर हलवत होती. भाऊजी जोडी घेऊन तलावाकाठच्या आंब्याखाली गेले. बैलांना सावली दिली, पाणी पाजलं, थोडी ढेप चारली. मी ते लांबून पाहिलं आणि मला बरं वाटलं.

शेवटच्या दौडीत केवळरामशेट विरुद्ध यादोराव. केवळरामशेट पहिले. गुलाल उधळला. सूर्य कलला होता. तिकडं दंडारीचे पडदे बांधायला सुरुवात झाली आणि भय्याजी माझ्याकडं पाहून मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटू लागले.

आता माझ्या तीन दौडी. चार जोड्या: यादोराव, उपांत्य फेरीत हरलेली एक, पहिल्या फेरीत हरलेली एक, आणि भाऊजी. यादोरावची जोडी सुरुवातीच्या रेषेपाशीच परत आलेली होती. बाकीच्या मैदानभर पांगलेल्या. भाऊजी तर सगळ्यात लांब, आंब्याखाली. मी विचार केला, जी जोडी उभी आहे तिच्यावरच एकेक जोडी घालत जावी, सगळ्यांना आणायचा वेळ वाचेल. क्रम कसाही लावला तरी दौडी तीनच. हे माझ्या हिशेबात अगदी पक्कं होतं.

यादोराव म्हणाले, "आणा, आणा! सगळेच आणा!"

पहिली यादोरावनं काढली. लगेच दुसरी, तीही काढली, पण पहिल्यापेक्षा कमी अंतरानं. माणसं "यादोराव! यादोराव!" करत होती. मग भाऊजींची जोडी आली, धुऊन, चकचकीत. झेंडी पडली आणि मोऱ्या-चांद्या असे सुटले जसे त्यांना कोणी फेकलंय. सहा छकडे पुढं!

मी टोपी उडवली. माझी नव्हती, कोणाची होती माहीत नाही. धावत जाऊन भाऊजींच्या पायाला मिठी मारणार, तेवढ्यात यादोरावचा आवाज.

"थांबा! हे काय चाललं आहे? माह्या बैलांची ही सातवी दौड! सातवी! आन् गोमाजीच्या बैलांची तिसरी! दोन धावले आन् दिवसभर सावलीत ढेप खाऊन राह्यले! हे बैलं आहेत का बेबीबाईचे कोहळे?"

मग एकदम गलका. कोणी म्हणे यादोराव बरोबर, कोणी म्हणे हरल्यावर सगळेच बोलतात. त्यांचे बैल मी तेव्हा पाहिले. तोंडाला फेस, कुशी भात्यासारख्या चाललेल्या.

मी भांडलो. भांडणारच. "नियम आधीच ठरला होता! तुम्ही स्वतः म्हणाले, सगळेच आणा! मांग हटलो तं नाव नाही सांगणार, हेही तुम्हीच म्हणाले!"

"म्हणालो न! पण क्रम तू लावला का मी लावला?"

मी आणखी मोठ्यानं बोललो. भय्याजी म्हणाले, "कवडू, तंटा झाला. कान."

मी कान धरले नाहीत. म्हणालो, "पद्धत चुकली नाही. आकडे बरोबर आहेत. तपासून पाहा." आणि खरंच बरोबर आहेत. अजूनही म्हणतो.

मग भाऊजी छकड्यावरून उतरले. मला वाटलं ते माझ्या बाजूनं बोलतील. ते यादोरावच्या बैलांपाशी गेले, एकाच्या कुशीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला.

"यादोराव बरोबर बोलून राह्यले," ते म्हणाले. "उद्या सकाळी. दोघंबी ताजे. एकच दौड."

"भाऊजी! तुम्ही जिंकले आहा! नियमानं जिंकले!"

ते माझ्याकडं न पाहता जू उतरवायला लागले. बाई गर्दीतून येऊन मला ओढत घेऊन गेली. घरी मी भांडं आपटलं. "मोऱ्याचं शेवटचं साल आहे म्हणून मी एवढं केलं, आन् हे हातचा नंबर सोडून देऊन राह्यले! काहून?"

बाई चूल पेटवत होती. "त्यायले तुह्या नियमाचा नंबर नाही पाह्यजे कवडू. बैलाचा पाह्यजे."

"आन् उद्या हारले तं?"

"तं हारतीन."

दंडारीचे ढोल ऐकू येतायत. मी जाणार नाही.

२३ जानेवारी

पिशवी भरून ठेवली होती. सकाळची दौड पाहायची नाही, सरळ सडकेला लागायचं, असं ठरवलं होतं. मग म्हटलं, पळालो असं यादोराव म्हणतील. गेलो.

माणसं कालच्यापेक्षा कमी, पण आली होती. केवळरामशेटसुद्धा थांबले होते. आज घोषणा नाहीत, फुगे नाहीत. दोन्ही जोड्या हिंडवून आणल्या. भाऊजींनी मोऱ्याच्या कपाळाला कपाळ लावलं. झेंडी मी पाडावी असं यादोराव म्हणाले. मुद्दाम म्हणाले असणार. मी पाडली.

अर्ध्यापर्यंत चार शिंगं एका ओळीत. पुढं मला धुळीत दिसेना. शेवटाला उभ्या माणसांचे हात वर गेले, ते यादोरावच्या बाजूचे.

अर्ध्या जुवानं. भाऊजी अर्ध्या जुवानं हरले.

म्हणजे खरा दुसरा यादोरावच होता. जुन्या रीतीनंही त्यालाच मिळाला असता. सगळी खटपट करून, कोहळे तोलून, भांडून, मी जिथून निघालो तिथंच आलो. पण मी हे मान्य करत नाही! जुन्या रीतीनं यादोरावला मिळाला असता तो चिठ्ठीच्या मेहेरबानीनं. आज मिळाला तो वेगळा. फरक आहे. काय फरक आहे ते मला चांगलं सांगता येत नव्हतं, एवढंच.

दुपारी भय्याजींच्या ओसरीवर समिती बसली. यादोरावला शेला दिला, नारळ दिला. मग भय्याजींनी घसा साफ केला. "झालं ते झालं. पोट्ट्याच्या नादानं आपण दोन दिवस पट केला. पुढल्या साली जुनीच रीत. शेवटच्या दौडीत हारन तो दुसरा. लिहा."

मी उठलो. "नाही! क्रम मी चुकीचा लावला, ते माह्या माथी मारा. पण रीत तीच पाह्यजे. दौडींच्या मधात आराम द्या. दमलेली जोडी शेवटी आणा. दौडी अठराच राहतीन, एक बी वाढणार नाही. फक्त—"

"बस खाली," कोणीतरी म्हणालं. "कान धरायचे राह्यलेत तुहे."

"नाही धरत!"

हसले. तेव्हा ओसरीच्या कोपऱ्यातून भाऊजी उठले. भाऊजी समितीपुढं उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते. बहुतेक कोणीच पाहिले नव्हते, कारण भय्याजींनी लिहिणाऱ्याला हात करून थांबवलं.

"कवडूची रीत ठेवा," भाऊजी म्हणाले. "आरामासकट."

"गोमाजी, त्याच रीतीनं तं तुहा नंबर गेला!" भय्याजी म्हणाले. "काल हातात होता. आता मोऱ्या पुन्हा येणार आहे का?"

"मोऱ्या नाही येणार. नंबर गेला. पण कोणापाशी गेला, हे मले माह्यत आहे. आजवर मी चिठ्ठीनं हारत होतो. आज बैलानं हारलो. असं हारणं मले चालते."

यादोराव शेला खांद्यावर घेऊन बसले होते. ते म्हणाले, "मले बी चालते. गेल्या साली दुसरा आलो तवा गावात कोणी मानलं नाही. आज मानतीन. लिहा भय्याजी."

भय्याजींना ते आवडलं नाही. "आन् नाही लिहिलं तं?"

भाऊजींनी अंगावरची धूळ झटकली. "तं पुढल्या साली पट माह्या बांधीतून जाणार नाही."

मला तेव्हा कुठं कळलं. चाकोरीचा शेवटचा तुकडा, जिथं हारजीत ठरते, तो भाऊजींच्या शेतातून जातो. इतकी वर्षं जातो. कधी बोलले नाहीत, कधी त्यापायी एक दौड जास्त मागितली नाही. गेल्या साली बाद होऊन दुपारीच घरी आले, ते स्वतःच्याच बांधीतून.

मग भय्याजींनी चष्मा लावला. "लिहा," ते म्हणाले, जरा चिडूनच. "दुसऱ्या नंबरासाठी तीन दौडी. प्रत्येक दौडीच्या आधी जोडीले आराम." मग मान वर करून, "किती आराम? आकडा पाह्यजे इथं."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मला माहीत नव्हतं. मी भाऊजींकडं वळलो, तर कोपरा रिकामा. ते केव्हाच निघून गेले होते, मोऱ्याला पाणी दाखवायला.